मुलगी १२ वर्षांची, सणसवर ट्रॅकची प्रॅक्टिस: स्पाइक्स घ्यायचे की साधे रनिंग शूज?

मुक्ता_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते कारण दुकानांत फिरून डोकं भंजाळून गेलंय. मुलगी १२ वर्षांची आहे, सातवीत. शाळेत १०० आणि २०० मीटरला चांगली पळते म्हणून पीटीच्या सरांनीच सांगितलं की हिला नीट ट्रेनिंगला घाला, तर दिवाळीनंतर पुण्यातल्या सणस मैदानावर संध्याकाळच्या बॅचला घातली. तिला मनापासून आवडतंय, पाऊस असो वा परीक्षा, दांडी मारत नाही. आत्तापर्यंत शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालूनच पळत होती, आता कोच सर म्हणतात की स्पाइक्स (तळाला टोकदार पिना असलेले पळायचे बूट) बघून ठेवा, पुढच्या सीझनला लागतील, आणि ६०० मीटरलाही उतरवून बघू म्हणतात.

आमच्या घरात कुणीच कधी पळलेलं नाही त्यामुळे यातलं काहीच कळत नाही. एका दुकानात सांगितलं वाढतं वय आहे, दोन नंबर मोठेच घ्या, पुढे टोकाला कापूस घालून चालतात. दुसरीकडे तिला पाच पावलं चालायला लावलं आणि म्हणाले पाय सपाट आहे, हिला सपोर्टवालेच बूट लागतील, आणि जे काढून दाखवले त्यांची किंमत ऐकून आम्ही बाहेरच पडलो. तिसऱ्याकडे स्पाइक्स होते पण कुठले कशासाठी हे त्यांनाच माहिती नव्हतं.

आणखी एक, गेले काही आठवडे प्रॅक्टिसवरून आली की टाच दुखते म्हणते, उजवी जास्त. सकाळी उठली की ठीक असते. मी म्हटलं बुटांमुळेच असणार. पैसे खर्च करायला हरकत नाही पण उगाच नकोत, दर सहा महिन्यांनी नवे घ्यावे लागणार हे दिसतंच आहे. कुणाची मुलं ट्रॅकवर पळत असतील तर प्लीज सांगा, आधी काय घेऊ, किती नंबरचं घेऊ, आणि स्पाइक्सचं खरंच एवढ्यात गरजेचं आहे का?

पळता_बाबा_हडपसर

मुक्ताताई, आधी साधे रनिंग शूज, स्पाइक्स नंतर. कॅनव्हासचे बूट मात्र आजच बंद करा, त्यांना खाली फोम असा नसतोच, ट्रॅकवर रोज तासभर उड्या आणि ड्रिल करणाऱ्या पोरीला ते पुरत नाहीत. माझा मुलगा भोसरीला इंद्रायणीनगरच्या ट्रॅकवर जातो, तिथेही स्पाइक्सवाली पोरं वॉर्म-अप, ड्रिल, जॉगिंग सगळं साध्या शूजमध्येच करतात, स्पाइक्स बॅगेतून निघतात ते शेवटच्या अर्ध्या तासाला. म्हणजे ज्या बुटात पोरगी सगळ्यात जास्त वेळ असणार आहे ते आधी चांगले हवेत ना.

आणि दोन नंबर मोठे अजिबात नको. कपडे वाढत्या अंगाचे घेतो आपण, ते चालतं, फार तर बाही दुमडतो. बूट वाढत्या अंगाचा घेतला की प्रत्येक पावलाला टाच आत वरखाली होते, पाय पुढे सरकतो, मुलं नकळत बोटं आवळून बूट पकडून ठेवतात आणि चवड्याच्या ज्या जागी बूट वाकायला हवा तिथे तो वाकतच नाही, पुढे वाकतो. फोड येतात ते वेगळंच.

माप घरी घ्या. संध्याकाळी, प्रॅक्टिसनंतर घेतलंत तर उत्तम कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. जमिनीवर भिंतीला लागून कागद ठेवायचा, टाच भिंतीला टेकवून त्यावर उभं करायचं, वजन दोन्ही पायांवर, आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढे खूण (काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं). दोन्ही पायांचं घ्या, सारखे नसतात, मोठा असेल तो धरायचा. दुकानात गेल्यावर ती ज्या मोज्यात पळते तेच मोजे घालून उभी राहू दे आणि बोटापुढे साधारण १ सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या अंगठ्याच्या साधारण निम्म्या रुंदीएवढी जागा हवी. सव्वा झाली तरी चालेल, त्यावर नको. नंबरवर जाऊ नका, एका कंपनीचा ४ दुसरीच्या ५ बरोबर निघतो. जिभेच्या आत लेबलवर सेंटीमीटरचा आकडा असतो तो बघत जा.

आम्ही डेकॅथलॉनला जाऊनच घेतो कारण तिथे घालून दुकानातच पळून बघता येतं, कुणी काही म्हणत नाही. असिक्स, नायके, आदिदास यांच्या बेसिक मॉडेलमध्ये मुलांची साइझ मिळते, असिक्स आणि नायकेच्या लेबलवर जीएस (ग्रेड स्कूल, म्हणजे शाळकरी मुलांचे) लिहिलेलं असतं, मोठ्यांच्यापेक्षा स्वस्तही पडतं. सेल असताना घ्या, मागच्या वर्षीचा रंग म्हणून कमी किमतीत देतात, बुटात काही फरक नसतो. फक्त रस्त्यावर किंवा ऑनलाइन मिळतात त्या फर्स्ट कॉपीच्या वाटेला जाऊ नका, वरून हुबेहूब असतात पण आतला फोम मेलेला असतो.

लेन_चार

वरच्या दादांशी सहमत, स्पाइक्सबद्दल मी थोडं लिहितो कारण त्यात लोकांचा फार गोंधळ होतो. मी स्वतः ४०० पळायचो, आता बालेवाडीला लहान गटाच्या मुलांना मदत करतो.

स्पाइक्स म्हणजे एकच प्रकार नव्हे. स्प्रिंटचे असतात त्यांची पुढची प्लेट एकदम कडक असते, चवडा वर उचललेला, टाचेखाली जवळजवळ काहीच नाही, कारण १०० मीटरला टाच टेकतच नाही म्हटलं तरी चालेल. मिडल डिस्टन्सचे, ८०० – १५०० वाले, थोडे वाकतात आणि टाचेखाली पातळ फोम असतो. लांब उडी, उंच उडी, भाला यांचे आणखी वेगळे. १२ वर्षांच्या मुलीला, जी १००, २०० आणि ६०० सगळं पळून बघणार आहे, तिला कडक प्लेटचे प्रो स्प्रिंट स्पाइक्स घेऊ नका. त्या प्लेटला वाकवायची ताकद अजून तिच्या पोटरीत आणि पावलात नाही, मग बूट तिला मदत करायच्या ऐवजी तिच्याशी भांडतो. मल्टी-इव्हेंट किंवा मिडल डिस्टन्सचे एन्ट्री लेव्हलचे बघा, हाताने वाकवले की चवड्यापाशी वाकले पाहिजेत. नायकेचे रायव्हल, डेकॅथलॉनचे त्यांचे स्वतःचे, निवियाचे देशी, यातलं जे पायाला नीट बसेल ते. पहिल्या जोडीसाठी यापेक्षा जास्त खर्च करू नका, तिचा पाय अजून वाढतोय.

स्पाइक्सचं माप साध्या शूजपेक्षा घट्ट लागतं, बोटापुढे अर्धा सेंटीमीटर पुरे, पण बोटं दुमडलेली नकोत. म्हणूनच मुलांचे स्पाइक्स लवकर लहान होतात आणि म्हणूनच मी पालकांना सांगतो की स्पर्धेच्या दोन-अडीच महिने आधी घ्या, वर्षभर आधी घेऊन कपाटात ठेवू नका.

पिनांचं पण बघा. सिंथेटिक ट्रॅकवर नियमाने पिना ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाहीत (उंच उडी आणि भाल्याला १२ पर्यंत), आणि बऱ्याच मैदानांवर ट्रॅक खराब होऊ नये म्हणून ६ च्याच लावायला सांगतात. एका बुटाला जास्तीत जास्त ११ पिना. तुमच्या मुलीला ६ च्या बोथट टोकाच्या पिना भरपूर झाल्या. मातीच्या किंवा मुरमाच्या मैदानावर शाळेची स्पर्धा असेल तर ९ च्या, कारण ६ ची तिथे पकड घेत नाही. पण सिमेंटवर, पायऱ्यांवर, डांबरावर स्पाइक्स घालून एक पाऊलही टाकायचं नाही, पिना झिजतात आणि घसरून पडायचा धोका वेगळा. ट्रॅकच्या कडेला बसून घालायचे, तिथेच काढायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

सुरुवात कशी करायची तर आठवड्यातून एकदा, पूर्ण वॉर्म-अप झाल्यावर, ६० – ८० मीटरचे चार स्ट्राइड्स, पाऊण स्पीडने, आणि काढून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पोटरी दुखेल, ते नॉर्मल आहे. दोन-तीन आठवड्यांनी ब्लॉकमधून (शर्यत सुरू करताना पाय टेकवायचे ठोकळे) स्टार्ट, मग हळूहळू २०० चे रिपीट. पहिल्याच दिवशी सगळी प्रॅक्टिस स्पाइक्सवर काढली की पोटरी आणि नडगी बोंबलतात आणि पोरगी आठवडाभर घरी बसते, हे मी दर सीझनला बघतोय. सरांनी "बघून ठेवा" म्हटलंय म्हणजे त्यांच्या मनात पुढचा प्लॅन असणार, तर त्यांनाच विचारा की कुठल्या इव्हेंटसाठी आणि कधीपासून. आणि टाच दुखतेय तोवर स्पाइक्सचं नावच नको.

कार्बनप्रेमी_बाणेर

माझ्या मते घ्यायचेच आहेत तर एकदाच चांगले घ्या, आजकाल ते कार्बन प्लेटवाले (सोलमध्ये कार्बनची कडक पट्टी असलेले) आलेत ना, मी हाफ मॅरेथॉनला घालतो, पाय आपोआप पुढे जातो, रिकव्हरी पण लवकर होते. लहान साइझ मिळाली तर मुलीच्या टायमिंगमध्ये नक्की फरक पडेल.

लेन_चार

दादा, तुमच्या हाफ मॅरेथॉनला ते ठीक आहेत, ट्रॅकवर नाहीत. १ नोव्हेंबर २०२४ पासून वर्ल्ड अॅथलेटिक्सच्या नियमाने ट्रॅकच्या सगळ्या शर्यतींना सोलची जाडी जास्तीत जास्त २० मिलिमीटर. रस्त्यावरच्या शर्यतींना ४० पर्यंत चालते आणि ते कार्बनवाले बहुतेक त्याच्या आसपासच असतात. आणि नियम बाजूला ठेवला तरी ते बूट मोठ्या माणसाच्या वजनाला आणि वेगाला बनवलेले असतात, ३५ – ४० किलोच्या मुलीखाली तो जाड मऊ फोम डगमगतो, वळणावर घोटा मुरगळायची भीती जास्त. या वयात टायमिंग सुधारतं ते पळण्याची ढब सुधारून, उंची वाढून, झोप नीट होऊन.

फिजिओ_औंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे, शाळकरी खेळाडू बरेच येतात, म्हणून टाचेबद्दल लिहिते. प्रत्यक्ष न बघता निदान करता येत नाही हे आधीच सांगते, पण १२ वर्षं, वाढीचं वय, नुकतीच वाढलेली प्रॅक्टिस, पळाल्यावर दुखणं आणि रात्रभर आराम झाला की बरं वाटणं, हे वाचून पहिला विचार सिव्हर्सचा येतो. नाव ऐकून घाबरू नका. या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती अजून पक्की झालेली नसते. पोटरीचा मोठा स्नायू त्याच जागी येऊन जोडलेला असतो. हाडं भराभर लांब होतात तेव्हा स्नायू त्या मानाने मागे राहतो, ताठ होतो, आणि प्रत्येक उडीला, प्रत्येक स्प्रिंटला त्या कूर्चेला ओढ बसते. साधारण ८ ते १४ या वयात हे खूप दिसतं, आणि हाड पक्कं झालं की कायमचं जातं.

घरी एक बघा, टाचेच्या दोन्ही बाजूंनी, मागच्या भागात, अंगठा आणि बोटाने हलकं दाबलंत आणि तिथेच दुखलं तर शक्यता वाढते. पण टाच सुजली असेल, लाल झाली असेल, रात्री झोपेत दुखत असेल, ताप असेल किंवा ती लंगडत असेल तर थांबू नका, थेट ऑर्थोपेडिककडे जा. एरवीही एकदा दाखवून घ्या असंच म्हणेन.

बुटांचा संबंध असा की टाच जितकी खाली, तितकी पोटरी ताणली जाते. कॅनव्हासचे बूट पार सपाट, आणि स्प्रिंट स्पाइक्स तर त्याहून वाईट कारण त्यात टाच चवड्याच्या खाली जाते. म्हणून सध्या तिला असे रनिंग शूज घ्या ज्यांची टाच चवड्यापेक्षा ८ ते १० मिलिमीटर उंच आहे, याला ड्रॉप म्हणतात, वेबसाइटवर दिलेला असतो. टाचेचा मागचा कप हाताने दाबून बघा, तो लगेच चेपता कामा नये. सोबत उड्या आणि स्प्रिंट काही आठवडे कमी, बर्फ फडक्यात गुंडाळून १० – १५ मिनिटं, आणि पोटरीचं स्ट्रेचिंग, पण दुखेपर्यंत ओढायचं नाही. प्रॅक्टिस पूर्ण बंद करायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, कोचना सांगून बदलून घेता येते. मुली हे दुखणं लपवतात, सरांना वाटेल मी कामचुकार आहे म्हणून, त्यामुळे तुम्ही स्वतः सरांशी बोला.

सपाट पायाचं जे दुकानात सांगितलं त्यावर एवढे पैसे घालू नका. तिला चवड्यांवर उभं राहायला सांगा आणि मागून बघा, पावलाच्या आतल्या बाजूला कमान तयार झाली तर तो लवचिक सपाट पाय आहे, दुखत नसेल तर त्याला काहीही करावं लागत नाही. कमान तयारच झाली नाही किंवा दुखलं तर तपासून घ्या. आणि पायाची कमान बघून बूट ठरवायची पद्धत जुनी असली तरी अमेरिकन लष्कराने हजारो रिक्रूटांवर करून बघितलं, कमानीप्रमाणे बूट दिले त्यांच्या आणि सगळ्यांना एकसारखे दिले त्यांच्या दुखापतींत फारसा फरक पडला नाही. त्यापेक्षा मुलीला तीन-चार जोड घालून पळू दे आणि कुठला सगळ्यात आरामशीर वाटतो ते तिला विचारा. आईला कुठला आवडला, दुकानदाराला कुठला खपवायचाय, हे नाही. तिला.

माणदेशी_वाघोली

सगळं वाचलं. पण एक विचारतो, आमच्याकडे गावाला पोरं अनवाणीच पळतात आणि काही होत नाही. सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणीच पळायची आणि २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १०,००० मीटरला ब्राँझ घेऊन आली. बुटांचं एवढं अवडंबर कशाला? भरतीची पोरं सुद्धा सेगाचे स्वस्त बूट घालून १६०० मीटर मारतात.

फिजिओ_औंध

दादा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. जन्मापासून शेतात, मातीत अनवाणी वावरलेल्या मुलांची पावलं मजबूत असतात, तळवा जाड असतो, पोटरीला सवय असते. पण जी मुलगी सहाव्या वर्षापासून शाळेत बूट आणि घरात फरशीवर स्लीपर घालते तिला एकदम अनवाणी पळवलं तर सगळा ताण अशा जागी जातो जिथे सवयच नाही, आणि हिची टाच आधीच दुखतेय. शिवाय सिंथेटिक ट्रॅक खरखरीत असतो, तळवा सोलतो, आणि एप्रिल-मेमध्ये तापतो तो भाजण्याइतका.

अनवाणी करायचंच तर ट्रॅकच्या मधल्या गवतावर, पाच-दहा मिनिटं, चवड्यावर चालणं, टाचेवर चालणं, हलके स्किप. टाच बरी झाल्यावर सुरू करा, पावलासाठी खरंच चांगलं आहे. सेगा वाईट नाहीत, हलके आहेत, ज्यांना बसतात त्यांनी जरूर घालावेत, फक्त सोल पातळ असतो त्यामुळे सध्या हिला नकोत.

मुक्ता_सिंहगडरोड

बापरे, एवढं सविस्तर सगळ्यांनी लिहिलं, खरंच खूप आभार. अपडेट देते. टाचेच्या बाजूंनी दाबलं तर उजवीकडे लगेच "आई गं" झालं. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही सिव्हर्सच म्हटलं, एक्स-रेची गरज नाही म्हणाले. सरांशी बोलले, मला वाटलं होतं ते नाराज होतील पण त्यांनी लगेच तिच्या उड्या आणि ब्लॉक स्टार्ट बंद केले आणि म्हणाले मला आधी का नाही सांगितलं. आता ती हाताचं, पोटाचं आणि हलकं जॉगिंग करते.

शूज पण घेतले, तिनेच चार जोड घालून दुकानात फेऱ्या मारल्या आणि जे मला सगळ्यात साधे वाटत होते तेच तिला आवडले, बोटापुढे सेंटीमीटरभर जागा आहे, ड्रॉप १० चा आहे. चवड्यांवर उभी राहिली तर कमान छान दिसते, म्हणजे ते सपोर्टवाले नको होते तर.

आता शेवटचे दोन प्रश्न. बॅचमधल्या एका मोठ्या ताईचे स्पाइक्स तिला लहान झालेत, ती द्यायला तयार आहे, वर्षभर वापरलेले आहेत. घेऊ का, की वापरलेले नकोत? आणि पावसाळ्यात ओले झालेले शूज वाळवायचे कसे, मागच्या वेळी मी कॅनव्हासवाले गॅलरीत उन्हात ठेवले तर सोल उकलला.

पळता_बाबा_हडपसर

वाळवायचं मी सांगतो. इनसोल बाहेर काढायचा, लेस सैल करायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि पंख्याखाली ठेवायचे. तासाभराने बोळे बदला, दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळतात. कडक ऊन नको, गीझरजवळ नको, हेअर ड्रायर तर नकोच, डिंक सुटतो आणि फोम आक्रसतो. वॉशिंग मशिनमध्ये पण टाकू नका, चिखल वाळू दे आणि मग जुन्या टूथब्रशने झाडा.

लेन_चार

स्पाइक्स घ्या की, बिनधास्त. साध्या शूजच्या बाबतीत मी वापरलेले नको म्हणतो कारण फोम दुसऱ्याच्या पावलाप्रमाणे बसलेला असतो, पण स्पाइक्सला फोम असतो कितीसा, आणि ते पळलेले असतात फार तर आठवड्यातून एक-दोनदा. चार गोष्टी बघून घ्या. सपाट टेबलावर ठेवून मागून बघा, बूट एका बाजूला कललेला नको. प्लेटला चवड्यापाशी तडा नको. वाकवले की वाकले पाहिजेत, नाहीतर ते कडक स्प्रिंटवाले आहेत, ते राहू द्या. आणि अर्थात माप, टाच बरी होऊन स्पाइक्स वापरायची वेळ येईपर्यंत दोन-तीन महिने जातील, तोवर पाय वाढेल, म्हणून आज अर्ध्याऐवजी पाऊण-एक सेंटीमीटर जागा असेल तर उत्तम.

मग पिना. वर्षभर वापरलेल्या पिना गंजून अडकलेल्या असतात, त्या जोर लावून फिरवल्या की प्लेटमधले आटे जातात आणि मग ते भोक कामातून गेलं. थोडं तेल सोडा, रात्रभर ठेवा, मग किल्लीने हळू फिरवा. सगळ्या काढून नवीन ६ च्या लावा, अर्ध्या जुन्या अर्ध्या नव्या नकोत, पाऊल तिरकं पडतं. नवीन लावताना आधी बोटाने दोन-तीन आटे बसवायचे आणि मग किल्ली. दर आठवड्याला एकदा घट्ट आहेत का बघायचं, पळताना एखादी पडली तर तिथे माती भरते. किल्ली आणि ९ च्या पिनांचा एक सेट तिच्या बॅगेतच राहू दे, स्पर्धेच्या मैदानावर पोचल्यावर कळलं की ट्रॅक मातीचा आहे तर तिथेच बसून बदलता येतील.